एक फॉर्म जास्त

ताळगावच्या विद्यापीठातून एक बाई आल्या
फोंड्याला, आमच्या नाट्यशाळेत,
चाळीस प्रश्नांचे फॉर्म घेऊन.
नटांचा स्वभाव मोजायचा म्हणे.
पाच गोल, एकावर खूण,
'अजिबात नाही'पासून 'अगदी खरं'पर्यंत.
नाव लिहायचं नाही.

सर म्हणाले, कुंदाबाय, तुम्ही गोळा करा.
मी कपडेपटवाली. गोळा करणं माझंच काम:
झगे, मिशा, ओले पंचे,
कुणीतरी खुर्चीवर विसरलेला मुकुट.

'मी चारचौघांत लाजते'
याला दामिनीने 'अगदी खरं' दिलं
आणि वर्गभर ओरडून विचारलं,
लाजण्याला किती दिलेत रे तुम्ही?
रोमाल्दो म्हणाला, बाईंना कसली उत्तरं आवडतील?
विचारताना मान बाईंसारखीच कलती.
त्याचं त्याला कळलंही नसेल.
मडगावच्या बसमध्ये शेजारी म्हातारा बसला
तर हा फोंड्याला गुडघा धरून उतरतो.

फॉर्म मी वाचायचे नव्हते.
वाचले.
नाव नसलं तरी अक्षर कळतं,
कपड्यांच्या वहीत रोज सह्या घेते मी.

मला कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं,
बाई, कॉलर बघा.
जिची आतली बाजू काळी, तो घाबरतो,
आणि तोच सगळ्यांच्या आधी पायरी चढतो.
राणीच्या पदराची गाठ सोडून बघा,
शिरोड्याच्या परतीच्या तिकिटाचे पैसे निघतील,
मोजून.
फौजदाराच्या खिशात रोझरीचा एकच मणी.
नीलकंठला दुसऱ्याचा प्रवेश रंगला
की टाळ्या सगळ्यात मोठ्या त्याच्या,
आणि त्या रात्री त्याच्या अंगरख्याचं
एक बटण हमखास तुटलेलं.
मी विचारत नाही.
बटण लावते.

सोयरू वेळीप, काणकोणकडचा.
हजेरीला 'हो' म्हणायलाही दोनदा श्वास घेणारा.
एकतिसावा प्रश्न होता,
'एकटा असताना मी कोण आहे हे मला ठाऊक असतं.'
पाचही गोल कोरे. बाजूला पेन्सिलीने काही लिहून खोडलेलं.
कागद ट्यूबलाइटसमोर धरला:
'एकटा कधी असतो?
वसतिगृहात सहाजण, घरी नऊजण.'

एक फॉर्म जास्त होता.

रात्री इस्त्रीच्या टेबलावर पसरला.
बावीस वर्षं विंगेत उभी आहे मी,
तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांमागे
प्रत्येकाचं प्रत्येक वाक्य.
पेन सापडेना. कपड्यांवर नंबर घालायची
जांभळी शाई होती, ती घेतली.
'मी चारचौघांत लाजते.' अजिबात नाही.
'लोकांनी माझ्याकडे बघत राहावं असं वाटतं.'
तिथे थांबले. टाचण्या तोंडातून काढल्या.
अगदी खरं.
वयाच्या चौकटीत एकोणीस लिहिलं
आणि हसू आलं, एकटीलाच,
मग आपल्याच हसण्याचा आवाज ऐकत बसले.
चाळीसही प्रश्न झाले तेव्हा
देवळातली घंटा कधीच वाजून गेली होती.
गठ्ठ्यात मधोमध सरकवला.

सकाळी बाईंनी मोजले.
विद्यार्थी तेवीस, फॉर्म चोवीस.
पुन्हा मोजले. जांभळा वर काढून ठेवला.
हा कुणाचा?

मी धोतराला पाणी शिंपडत होते.
दारात सोयरू उभा, वहीत सही करायला आलेला.
त्याने कागदाकडे बघितलं,
मग माझ्या बोटाकडे.
श्वास एकदाच घेतला.

"कुडचड्याची एक मुलगी होती, बाई.
परवाच सोडून गेली.
फार बडबडी.
जाताना म्हणाली, तेवढा फॉर्म भरून जाते."

पापणी लवली नाही. आवाजात किंचित वाईट वाटणं,
हवं तेवढंच.
बाईंनी मान हलवली, गठ्ठ्याला रबर लावलं.

सोयरूने सही केली,
पंचा उचलला
आणि तालमीला गेला.
धोतर जास्तच भिजलं होतं.